पाण्याच्या जारला नमस्कार

ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत मी परीक्षकांकडे पाठ करून पाण्याच्या जारला वाकून नमस्कार केला.

चांगला कमरेतून वाकून केला. त्याआधी हॉल दणाणेल अशी आरोळीही ठोकली होती. मान वर केली तर समोर वीस लिटरचा निळा जार, खाली ठिबकणारी तोटी आणि तोटीखाली स्टीलचा पेला. परीक्षक माझ्या मागे, दहा-बारा पावलांवर, टेबलाशी बसलेले. त्यांच्यातले थोरले, पांढऱ्या मिशांचे, अगदी शांतपणे म्हणाले, "पाणी पिऊन झालं की इकडे या."

हे नगरला झालं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण घाबरलो की माझ्या तोंडून अजून नगरच निघतं, आणि त्या दिवशी मी भरपूर घाबरलो होतो.

मी देवळाली प्रवरेच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. वय बावन्न. पोट वयाच्या थोडं पुढे. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर सापडली. आमच्याकडे चारी बाजूंना ऊस आणि मधूनमधून कारखान्यांची धुराडी, तेव्हा साखर सापडल्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. चालून पाहिलं. पण या गावात मी सत्तावीस वर्षं मास्तर आहे. दर शंभर पावलांवर एक माजी विद्यार्थी भेटतो, पाया पडतो आणि जबरदस्तीने चहा पाजतो, साखर जास्त घालून. महिन्याभरात रिपोर्ट आणखी बिघडला.

मग एकदा श्रीरामपुरात बोर्ड दिसला: 'कराटे. सर्व वयोगटांसाठी.' गणिताचा माणूस शब्द शब्दशः घेतो. 'सर्व' म्हणजे सर्व. जिना चढून वर गेलो.

वर क्लास घेत होती माझीच विद्यार्थिनी. आठवी ते दहावी, खिडकीजवळचा पहिला बाक, दोन वेण्या. आता तिशीची, कमरेला काळा पट्टा, आणि आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टरसुद्धा बिचकावा.

"सर, तुम्ही? कुणाची ॲडमिशन?"

"माझीच."

तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मधे पोटापाशी नजर जरा थांबली. "या," म्हणाली, "चपला त्या कपाटात ठेवा."

तेव्हापासून ती मला 'सर' म्हणते आणि मी तिला 'मॅडम' म्हणतो. फरक एवढाच, की तिच्या 'सर'नंतर साधारणपणे वीस बैठका येतात.

मी गेलो होतो मारामारी शिकायला. म्हटलं, दोन महिन्यांत दोन-चार माणसं लोळवता आली की बास. आणि मॅडमनी सुरू केला काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ठरलेली माळ. समोर कुणीच नसतं. नसलेल्या माणसाचा वार अडवायचा, नसलेल्याच माणसाला गुद्दा मारायचा, वळायचं, पुन्हा तेच. पहिला काता एकवीस हालचालींचा. जिथे उभं राहून सुरू करायचा, तिथेच परत येऊन संपवायचा. पांढऱ्या पट्ट्याची तिसरी-चौथीतली पोरं तो पहिल्याच महिन्यात शिकतात. मी पण शिकलो, आणि आठवड्याभरात कंटाळलो.

एक दिवस सगळ्या क्लाससमोर बोललो. "मॅडम, ही पोपटपंची झाली. हवेत हात मारून कुणी काही शिकलंय का?"

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही आमच्याकडून पाढे कशाला पाठ करून घ्यायचात?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"पाढे पाठ असले की गणित सोडवताना डोकं मोकळं राहतं."

"हं," त्या म्हणाल्या. "चला, पहिल्यापासून. इची!"

इची म्हणजे जपानी एक. त्या दिवशी तो 'एक' मी चाळीस वेळा ऐकला.

पाढ्यांचं मात्र खरं आहे. माझ्या वर्गात रोज पहिली दहा मिनिटं पाढे होतात, तीसपर्यंत, उभं राहून, मोठ्याने. त्यावर माझं जिल्ह्यात नाव आहे, निदान तालुक्यात तरी. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती आता लिहून टाकतो. एकोणतीसचा पाढा मला कधीच धड आला नाही. त्या पाढ्याच्या वेळी मी हजेरीच्या रजिस्टरखाली पाढ्यांचं पुस्तक उघडं ठेवायचो आणि हजेरी तपासतोय असं दाखवत ऐकायचो. सत्तावीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी माझी खात्री होती.

कात्यातही मी अशीच एक युक्ती काढली. क्लासच्या हॉलला समोरच्या भिंतीशी पाण्याचा जार, डावीकडे खिडकी, उजवीकडे चपलांचं कपाट आणि मागे दार. मी हालचाली पाठ केल्याच नाहीत, वस्तू पाठ केल्या. जारकडे तोंड करून उभं राहायचं. आधी खिडकी, मग चपला, मग जारच्या दिशेने तीन पावलं. तिथून पाऊण गिरकी, पुन्हा चपला, पुन्हा खिडकी. मग दाराकडे तीन पावलं, पुन्हा पाऊण गिरकी, आणि शेवटी जारकडे तोंड करून नमस्कार. जार, खिडकी, चपला, दार. एवढे चार शब्द आले की काता आला. पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत सगळ्या पट्ट्यांच्या परीक्षा त्याच हॉलमध्ये झाल्या, आणि त्याच चार शब्दांवर मी सगळ्या पास झालो. घरी एकदाही सराव केला नाही. घरी कुठे चपलांचं कपाट उजवीकडे होतं?

ब्राऊन बेल्टची परीक्षा मात्र नगरला. तिथला हॉल प्रचंड. चारी भिंती सारख्या, चारी भिंतींना सारख्याच खिडक्या, आणि चपला तर लोक जिन्याखालीच काढून आलेले. लुटुपुटूची लढत मी बरी खेळलो. दोन अवघड काते कसेबसे पार पाडले, कारण तेव्हा शेजारी दुसरा परीक्षार्थी तेच करत होता आणि माझी एक नजर त्याच्यावर होती. मग पांढऱ्या मिशांचे परीक्षक म्हणाले, "सर, आता एकट्याने. पहिला काता दाखवा."

पहिला! मी मनातल्या मनात हसलो. सुरू केलं. पहिल्या गिरकीनंतर खिडकी शोधली तर खिडक्याच खिडक्या. अंदाजाने पुढे गेलो. दुसऱ्या गिरकीनंतर आपण पूर्वेला आहोत की पश्चिमेला हेच कळेना. तेवढ्यात मागच्या भिंतीशी मला तो दिसला. निळा. ओळखीचा. एखाद्या परक्या स्टँडवर आपल्या गावची एसटी दिसावी तसा आनंद झाला. उरलेल्या हालचाली त्याच्या रोखाने संपवल्या आणि वाकून नमस्कार केला.

पाणी न पिता मी टेबलाकडे गेलो.

"बाकीचं चालेल," परीक्षक म्हणाले. "पण तुम्हाला पहिलाच काता येत नाही. सहा महिन्यांनी या. तेव्हाही हाच चुकला, तर हा जांभळा पट्टा सोडून ठेवायचा आणि पांढऱ्यापासून सुरुवात करायची. वयाची सवलत मिळणार नाही."

पांढऱ्यापासून म्हणजे काय, ते सांगायला हवं. क्लासमध्ये रांगा पट्ट्याप्रमाणे लागतात. पांढऱ्यांची रांग सगळ्यात मागे, चपलांच्या कपाटाला लागून. त्या रांगेत कुणाचीही उंची चार फुटांवर नाही. त्यांच्यातल्या दोघांच्या बापांना मी शाळेच्या मैदानावरून कान धरून वर्गात नेलेलं आहे. त्यांच्यात उभं राहून त्यांच्याबरोबर 'इची' करायचं, आणि तेही तीन वर्षांची कमाई हातची घालवून!

परतीच्या एसटीत मॅडम राहुरीपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत बसल्या. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबल्यावर त्यांना राहवेना. "सर, एक विचारू? जारला का केलात नमस्कार?"

मी सगळं सांगून टाकलं. जार, खिडकी, चपला, दार. त्या हसायला लागल्या त्या आमच्या फाट्यापर्यंत. कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिलं. मी उतरायला उठलो तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, "सर, उद्या येताना खडू घेऊन या."

खडू तर माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशात असतो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी हॉलच्या मधोमध परातीएवढं वर्तुळ काढलं, त्यात मला उभं केलं आणि माझ्याच रुमालाने माझे डोळे बांधले. "पहिला काता. संपेल तेव्हा पाय या वर्तुळात पाहिजेत."

संपला तेव्हा मी चपलांच्या कपाटात होतो. अक्षरशः. उजवा हात वरच्या खणात.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. तिसऱ्या दिवशी मॅडमनीच दंड धरून थांबवलं, नाहीतर खिडकीतून रस्त्यावर नमस्कार घालायला गेलो असतो. रोज मी जिथे पोचलो तिथे त्या खडूने फुली मारायच्या. आठवड्याभरात हॉलभर फुल्या झाल्या. त्या फुल्यांकडे बघत बसलो असताना माझ्या लक्षात आलं, की माझी चूक सारखीच होतेय. पहिल्या दोन-तीन सोडल्या तर फुल्या सगळ्या वर्तुळाच्या उजवीकडेच पडत होत्या. मग फूटपट्टी घेऊन बसलो. माझं उजवं पाऊल डाव्यापेक्षा चार बोटं लांब पडत होतं. पाऊण गिरकी मी पुरी घेतच नव्हतो, दर वेळी थोडी कमी. दोन गिरक्या, दोन्हीकडे कमी, वर लांब-आखूड पावलं. बावन्न वर्षं मी असाच तिरका चालत आलो आणि ते कळायला डोळे बांधावे लागले. लढतीत हे कधीच कळलं नसतं. तिथे समोरचा हलतो, आपण हलतो, आणि सगळा दोष समोरच्यावर ढकलता येतो. कात्यात समोर कुणी नाही. फुली पडली ती आपलीच.

यानंतर मला त्या एकवीस हालचालींचं वेडच लागलं. परसात, शाळेच्या व्हरांड्यात, पेपर तपासून कंटाळा आला की स्टाफरूममध्ये. कधी पूर्वेला तोंड, कधी उत्तरेला, कधी भलत्याच कोपऱ्याकडे. एकदा परसात डोळे बांधून करत होतो, तर धुणं वाळत घातलेल्या दोरीत मान अडकली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून माझ्या बायकोला विचारलं, "सरांचं मोतीबिंदूचं झालं का हो?"

"नाही," बायको म्हणाली, "डोळे चांगले आहेत."

'डोळे' या शब्दावर जरुरीपेक्षा जास्त जोर होता.

मधे एकदा मॅडमनी माझं मनगट धरलं. "सोडवा." मी ओढलं. हिसडलं. माझ्या निम्म्या वजनाची बाई, पण पकड लोखंडी पान्यासारखी. मी लाल झालो.

"आता चौथी हालचाल करा."

चौथ्या हालचालीत हात मागे ओढून, वर्तुळात वरून फिरवून खाली आणतात. मला ती कायम उगाचची नक्षी वाटायची. केली. मनगट सुटलं, आणि माझी मूठ मॅडमच्या खांद्यापाशी येऊन थांबली. मी माझ्याच हाताकडे बघत राहिलो.

"तीन वर्षं करताय हे तुम्ही," त्या म्हणाल्या. "कशासाठी आहे ते विचारलं नाहीत कधी."

बरोबर होतं. वर्गात एखाद्याने 'सर, हे कशासाठी?' असं विचारलं की मी खूश होतो. स्वतः मात्र विचारलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सोनईला आठवडे बाजारात गेलो होतो. सोनईला माझे साडू राहतात, म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. धिप्पाड माणूस, उसाची मोळी एका हाताने ट्रॉलीत फेकतो. माझ्या कराट्याचा त्यांना पहिल्यापासून फार आनंद. लग्नकार्यात भेटले की पंगतीला ऐकू जाईल असं विचारायचे, "काय मास्तर, हवेला हानता म्हनं अजून? काय म्हनते हवा?"

त्या दिवशी मी वांगी निवडत होतो. ते मागून आले. आवाज न देता माझं मनगट पकडलं आणि आपल्याकडे ओढलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की, चला, च्या घेऊ.

पुढचं मी केलं असं म्हणणं खोटं ठरेल. ते झालं. हात मागे गेला, वरून फिरला, पाय पुढे पडला. माझ्या डोक्याला बातमी कळली तेव्हा साडू मेथीच्या ढिगात बसलेले होते, दोन्ही पाय वर, टोपी बाजूला. लागलं काहीच नाही, मेथी मऊ होती.

"ह्ये काय हुतं, मास्तर?"

"चौथी हालचाल."

"किती हायेत आसल्या?"

"एकवीस."

"मंग बाकीच्या घरीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, आणि मी हात दिला तो त्यांनी जरा विचार करूनच धरला.

"उठा की पाव्हनं," मेथीवाली ओरडली, "लई जुड्या मोडल्या माज्या!" त्या मोडलेल्या जुड्या सगळ्या मीच घेतल्या. आमच्याकडे चार दिवस सकाळ-संध्याकाळ मेथी होती. पण ती मेथी मी ज्या ऐटीत पिशवीतून नेली, तशी ऐट लग्नातल्या घोड्यावरही नव्हती. अंग आधी आणि डोकं मागून, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. मोकळं डोकं म्हणजे काय, ते इतकी वर्षं मी पोरांना सांगत होतो. कळलं मला त्या मेथीपाशी.

सहा महिने झाले. पुन्हा नगर, पुन्हा तोच हॉल. पांढऱ्या मिशांच्या परीक्षकांनी मला बघितलं आणि म्हणाले, "या वेळी जार बाहेर ठेवलाय."

हॉलभर हशा. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, त्याही हसल्या, पण हाताची घडी सैल झाली नाही.

"पहिला काता," परीक्षक म्हणाले. "त्या कोपऱ्याकडे तोंड करून."

कोपरा! ना समोर, ना बाजू, भिंतींना तिरकं उभं राहायचं. सहा महिन्यांपूर्वी मी तिथेच पट्टा सोडून दिला असता. आता मला एकदम चेव आला. मी कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. बांधताना मॅडमचा "अरे देवा" स्पष्ट ऐकू आला.

बांधण्याआधी एक गोष्ट मात्र केली होती. उभा होतो तिथे फरशीचा टवका उडालेला होता. त्यावर उजव्या पायाचा अंगठा टेकवून घेतला.

अंधारात वळलो. अडवलं, पाऊल, गुद्दा. उलटा वळलो. चौथी हालचाल आली तेव्हा साडूंची आठवण येऊन हसू फुटत होतं, ते दाबलं. तीन पावलं. उजवं पाऊल चार बोटं आवरलं. गिरकी, पुरी, पुरी, अजून थोडी. पहिली आरोळी कधी दिली ते आठवत नाही, पण ती भिंतींवरून परत आली आणि मला हॉल केवढा आहे ते कळलं. परतीची तीन पावलं, तीन गुद्दे. दुसरी गिरकी. इथेच मागच्या वेळी मी हरवलो होतो. या वेळी हरवायला काही नव्हतंच, कारण मी काही शोधत नव्हतो. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. पाय मागे घेतला.

अंगठ्याखाली टवका.

एखाद्याला गुप्तधन सापडल्यावर काय होत असेल ते मला माहीत नाही. मला तो टवका सापडला. दोनदा अंगठा फिरवून पाहिला. तोच होता.

रुमाल काढला. समोर कोपरा, आणि कोपऱ्यात उभा केलेला झाडू. नियम असा, की ज्या दिशेला तोंड करून सुरू केलं त्याच दिशेला नमस्कार करायचा. मी झाडूला कमरेतून वाकून नमस्कार केला. या वेळी नियमाप्रमाणे.

मागून टाळ्या आल्या. वळलो तर पांढऱ्या मिशांचे परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मॅडम रुमाल शोधत होत्या. माझाच देऊ केला. घामाने चिंब होता, घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या हॉलमध्ये सगळ्या रांगा बसवल्या. मॅडमनी स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला ब्राऊन बेल्ट बांधला. पोटामुळे गाठीला टोकं जेमतेम उरली, पण उरली. बायको पेढे घेऊन आली होती. साडू सोनईहून आले होते, आणि माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसले होते. आमच्या क्लासची रीत अशी, की नवा पट्टा मिळालेल्याने दोन शब्द बोलायचे. सत्तावीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला 'दोन शब्द बोला' म्हणणं ही चूक क्लासची होती.

मी पाऊण तास बोललो. कात्याचं मोल सांगितलं, जारची गोष्ट सांगितली, मेथीची तर दोनदा सांगितली. पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट करून म्हणालो, "बाळांनो, काता आणि पाढे एकाच घरचे. बघून म्हटलेला पाढा हा पाढाच नव्हे! पुस्तक मिटा, डोळे मिटा, आणि आतून आला पाहिजे. आमच्या शाळेत मी हेच शिकवतो. आधार घेऊन शिकलेला माणूस—"

"सर," मॅडम म्हणाल्या, "भाषण पुरे. आता रजिस्टरखाली न बघता एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवा."